पहिली टाळी

हॅलिफॅक्स, ६ ऑक्टोबर

ती. रोडिना आत्यास,
एन्स्लीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, तू भाजलेल्या ओटकेक्स बिस्किटांचा डबाही पोचला. डबा आला तेव्हा मी सरावाला होते. परत येईपर्यंत अर्धा रिकामा झाला होता. चोर घरातच राहते, तिची ओळख पुढे करून देते.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की शेजाऱ्यांना आपली सगळी भानगड कळते, म्हणून पत्रच बरं. मासळीच्या कारखान्यातल्या यंत्रांनी तुझे कान खाल्ले, पण अक्षर अजून शाळामास्तरासारखं आहे.

आमचा बायकांचा आइस हॉकीचा संघ कसा आहे म्हणून विचारलंस. संघ आहे, पण त्याला अजून नाव नाही. लोकांकडून नावं मागवली आहेत आणि लोक वेड्यासारखी नावं पाठवताहेत. तोवर जर्सीवर नुसतं शहराचं नाव. आम्हाला दिलेली खोली कालपरवापर्यंत मुलांच्या संघाची अडगळ होती, भिंतींना अजून त्यांच्या पॅडांचा वास येतो. पण दारावर आता आमची नावं आहेत. पहिल्या दिवशी सराव संपला तशा सगळ्या जणी सवयीने घामट जर्सी पिशवीत कोंबायला लागलो, तर एक माणूस मोठी टोपली घेऊन दारात उभा. म्हणाला, इथे टाका, धुणं माझ्याकडे. आमची कप्तान गेल्या वर्षापर्यंत दिवसा शाळेत गणित शिकवून संध्याकाळी खेळायची. ती जर्सी हातात धरून तशीच उभी राहिली. टाकेचना.

आता चोराबद्दल. झेनिया पावलुक, आमची गोलकीपर, माझ्याच घरात राहते. दूर सास्काचेवान प्रांतातली, घरी दुभत्या गाई. बोलते कमी, खाते भरपूर. सामन्याआधी गोलच्या दोन्ही खांबांना हात लावून त्यांची विचारपूस करते. लहानपणापासून तिला सामन्यांना तिचा बाप न्यायचा. धारा काढायला कोणीतरी हवं, म्हणून आई कायम घरी. आमच्या पहिल्या घरच्या, म्हणजे इथल्या, सामन्याला मात्र बाप गोठ्यात थांबणार आहे आणि आई येणार आहे. तिने आजवर मोठ्या मैदानावरचा एकही सामना पाहिलेला नाही. झेनिया रोज सकाळी तिला काय काय समजावून सांगत असते.

तो सामना नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी. घरच्या माणसांसाठी वेगळ्या रांगा आहेत आणि तुझं तिकीट काढून ठेवलंय. बाबा बोट सोडून येणार नाही हे मला माहीत आहे, तू ये. एकच विनंती, पंचांना शिव्या देऊ नकोस. इथे कॅमेरे असतात.

लोभ आहे हे ठाऊक आहे, तरी वाढवत राहा.
तुझी,
एन्स्ली


केप ब्रेटन, १९ ऑक्टोबर

चि. एन्स्ली हीस रोडिना आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

येते. बसचं तिकीट काढलं, नवी हिरवी टोपी विणायला घेतली. तुझा बाप म्हणतो, एवढ्या लांब हरलेला संघ बघायला कशाला जातेस. मी म्हटलं, हरलेलं तर मी तुला रोज बघते, तेही फुकट.

पंचांना मी शिव्या देत नाही. सल्ला देते, आणि त्यांना ऐकू जावा म्हणून मोठ्याने देते. इथल्या बर्फाच्या रिंकमध्ये माझी जागा ठरलेली आहे आणि माझा दराराही. गेल्या रविवारी पाहुण्यांच्या गोलकीपरने पायातून एक असा गोल सोडला की माझ्या म्हाताऱ्या मांजरानेही अडवला असता. पुढच्या फटक्याला चकती रांगत रांगत त्याच्याकडे आली, ती त्याने अडवली. मग मी उठले आणि हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवल्या. माझ्यामागून अख्खी रिंक. पोरगं कानापर्यंत लाल. अशी कुचकी टाळी उभ्या बेटावर माझ्याइतकी कोणाला जमत नाही. पोस्टातला हेक्टर म्हणतो, रोडिनाची टाळी आणि मयताची गाडी दुसऱ्याच्या दारात बरी.

संघाच्या नावासाठी मी हेरिंग सुचवलं आहे. स्वस्त मासा, पण थव्याने येतो. कळवायला सांग.

एन्स्ली, मी तळ्यावर भावांबरोबर खेळायचे, स्केट्समध्ये वर्तमानपत्राचे बोळे घालून. तुझ्या बापापेक्षा चांगली खेळायचे, त्याला विचार, तो नाही म्हणणार नाही. मला कोणी थांबवलं नाही. पुढे जायला वाटच नव्हती, एवढंच. तुझ्या खोलीच्या दारावर तुझं नाव आहे हे वाचून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. हे कोणाला सांगू नकोस, इथे माझी अब्रू आहे.

त्या झेनियाला सांग, डबा मोठा आणते. चोराला घाबरून आम्ही भाजणं थांबवत नाही.

माया तुझ्यावर आहेच, पोटभर खाल्लंस की आणखी वाढेल.
तुझी,
आत्या


हॅलिफॅक्स, २ डिसेंबर

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

न भेटता गेलीस. खेळाडूंच्या दाराशी मी थंडीत थांबून राहिले. शेवटी झेनियाच्या आईने सांगितलं की रोडिनाताईंना बस गाठायची होती. बस दुसऱ्या दिवशी होती, आत्या. बरं नव्हतं का? ओरिसियाबाई तुझ्याबद्दल किती बोलत होत्या. तुम्ही दोघींनी एकच पांघरूण घेतलं, तू त्यांना सगळे नियम समजावलेस, त्यांच्या सूर्यफुलाच्या बिया संपवल्यास. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

हरलो त्याचं काही नाही. नवा संघ, हरणारच. सुरुवातीला बर्फावर आलो तेव्हा काचेला नाकं लावून लहान मुली उभ्या होत्या. पण तुला लिहायचंय ते वेगळंच.

तिसरा गोल तू पाहिलास. वरून बघणाऱ्याला वाटलं असेल की लांबून आलेली साधी चकती झेनियाच्या पायांतून गेली. तसं नाही झालं. ती माझ्या स्केटला लागून वळली. झेनिया बरोबर जागेवर होती, माझ्यामुळे चुकली. मला कळलं होतं. हात वर करून माझी चूक म्हणायला क्षण पुरला असता. मी खाली बर्फाकडे बघत राहिले. आणि मग पुढची चकती तिने अडवली, तर ती टाळी.

तुला ती ऐकू आली का माहीत नाही, पण तिचा कंप तुलाही जाणवला असेल. सगळं स्टेडियम उभं राहून तिची चेष्टा करत होतं. आमच्या पहिल्या घरच्या सामन्यात, आमच्याच गोलकीपरची. सगळ्या म्हणतात, सुरुवात घरच्यांच्या रांगांतून झाली. आता खोलीत प्रत्येकजणी दुसरीच्या काकावर संशय घेते. झेनियाला विचारलं, ती म्हणते, मुखवट्यातून काही दिसत नाही. तिने प्रशिक्षकांना सांगितलंय की पुढच्या सामन्यात मला उतरवू नका. मला म्हणाली, नाताळला घरी जाईन ती परत येणार नाही. ती खात नाही, आत्या. झेनिया खात नाही.

माझी चूक मी अजून कोणाला सांगितलेली नाही. लाज वाटते. पण ज्या कोणी ती टाळी सुरू केली त्याच्या पोरीशेजारी बसून मी स्केट्स बांधणार नाही. तू त्याच बाजूला होतीस. तुझी नजर घारीची. कोण होतं ते सांग.

उत्तर लवकर दे, लोभ असेल तर उलट टपाली.
तुझी,
एन्स्ली


केप ब्रेटन, ७ डिसेंबर

चि. एन्स्ली हीस आशीर्वाद.

मी होते.

याआधी दोन पत्रं लिहिली. एकात हवेबद्दल लिहिलं, दुसऱ्यात माझ्या गुडघ्याबद्दल. दोन्ही चुलीत घातली.

मला माहीत होतं ती कोण आहे. तिची आई माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. म्हणजे मला कळलं नव्हतं, ऐकू आलं नव्हतं, असलं काही सांगायची सोय नाही. ओरिसियाने बसल्या बसल्या बोटाने दाखवलं होतं, ती माझी. मी म्हटलं, आणि ती पाठीमागची माझी. मग तिने बियांची पुडी काढली, मी डबा काढला. बाई साधी. प्रत्येक गोष्टीला विचारायची, हे चांगलं झालं की वाईट. मी सांगायचे. वाईट म्हटलं की तिचे ओठ हलायचे, प्रार्थना म्हणत असावी. तिने मला सांगितलं की नवऱ्याने निघताना बजावलंय, काही कळलं नाही तर इतर करतील तसं कर.

तिसरा गोल झाला आणि माझं डोकं सटकलं. तुझ्या संघाचा पहिला सामना, तू एवढी धावतेस, आणि त्या पोरीने फुकट गोल दिला असं मला दिसलं. पुढची चकती आली, तिने अडवली, आणि मी उठले. हात आपोआप वर गेले असं लिहिणार होते. हात आपोआप वर जात नसतात. मी नेले. इथल्यासारखंच, हळू आणि मोठ्याने. मागच्या रांगेने उचललं, मग वरच्यांनी. एवढी मोठी जागा माझ्यामागून येते आहे हे मला कळलं, आणि काय सांगू, मला मजा वाटली. खोटं कशाला बोलू.

मग माझ्या दंडाला कोणीतरी धरलं. ओरिसिया उभी राहिली होती. तीही टाळ्या वाजवत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्या चांगल्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "बघा हो, माझ्या झेनियासाठी सगळे उभे राहिले. आणि सुरुवात तुम्ही केलीत."

मी काय करायला हवं होतं? तिला खाली बसवायला हवं होतं. निदान मी तरी खाली बसायला हवं होतं. मी बसले नाही. मी बसले असते तर तिने विचारलं असतं, आता हे चांगलं की वाईट. म्हणून टाळ्या वाजवत राहिले. तिच्याबरोबर, तिच्या पोरीची थट्टा करत. बर्फावरून झेनिया आमच्या बाजूला बघत होती. मुखवट्याआडचा चेहरा मला दिसला नाही, पण ती बघत होती.

सामना संपल्यावर ओरिसियाने मला मिठी मारली आणि पुडीत उरलेल्या बिया माझ्या खिशात ओतल्या. मी बस म्हणून सांगून पळाले. बसच्या तळावर सकाळपर्यंत बसले. लोकांच्या नजरेला नजर द्यायची हिंमत नव्हती, तुझ्या तर नाहीच.

त्यानंतर इथल्या रिंकमध्ये गेले नाही. हेक्टरने विचारलं, टाळी आजारी आहे का. त्याला काय सांगणार.

तू म्हणतेस तुला लाज वाटते. तुझ्या स्केटला चकती लागली, ती लागते. गप्प राहिलीस तेवढं चुकलं. पण माझं तसं नाही. या वयात चांगलं-वाईट समजावून सांगायची वेळ येऊ नये, मला सांगायला तर कोणी उरलेलंही नाही, आणि मी अशी निघाले.

लोभ मागत नाही. मागायचं तोंड ठेवलं नाही.
आत्या


हॅलिफॅक्स, १२ डिसेंबर

रोडिना आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस पिशवीत घेऊन हिंडले. तुझ्यावर इतकी रागावले आहे की अक्षर नीट येत नाही.

रिंकमध्ये तू इतरांच्या पोरांना रडवायचीस तेव्हा मी हसायचे. तुझ्या मांडीवर बसून हसायचे. तेही आता आठवतं आणि नकोसं वाटतं.

माझ्यापुरतं मी केलं. काल सरावानंतर सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं की तो गोल माझ्या स्केटवरून गेला आणि मी गप्प बसले. कप्तान म्हणाली, उशिरा का होईना. झेनियाने बूट बांधता बांधता मान हलवली, जणू तिला आधीच माहीत होतं. अर्थात होतं. चकती तिच्यासमोर वळली होती. प्रशिक्षकांना ती स्वतःच सांगून आली होती की चूक तिचीच, तिचे पाय वेळेत मिटले नाहीत.

तुझं मात्र मी सांगितलं नाही. ते माझं ओझं नाही. तिला तू स्वतः लिही. गुडघ्याबद्दल नको, हवेबद्दल नको. आणि मी सांगेपर्यंत सामन्याला येऊ नकोस.

लोभाचं मी बघेन. आत्ता विचारू नकोस.
एन्स्ली


केप ब्रेटन, १६ डिसेंबर

झेनिया हीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही म्हणून नुसतं नाव लिहिते आहे.

मी एन्स्लीची आत्या. तुझी आई ज्या हिरव्या टोपीवालीशेजारी बसली होती ती मी. ती टाळी मी सुरू केली. तू कोण आहेस हे माहीत असून केली. तुझ्या आईला वाटलं मी तुझं कौतुक करते आहे, आणि मी तिला तसं वाटू दिलं.

कारण सांगण्यासारखं एकही कारण नाही. गोल तुझा नव्हता हे मला नंतर कळलं, पण तुझा असता तरी मी केलं ते नीचच होतं. तू शिकली सवरलेली, घरापासून लांब आलेली, आणि माझ्या हातचं खाल्लेली पोर. मी तुझी माफी मागते. तू ती दिली पाहिजेस असं नाही.

तुझ्या आईलाही मी लिहिणार आहे. तिला सगळं खरं सांगेन. तिने मला चांगलं समजावं हे मला सहन होत नाही. आधी तुला विचारावं असं वाटलं.

माझ्यामुळे संघ सोडू नकोस. सोडायचं तर तुझ्या कारणाने सोड.
रोडिना गिलिस


सास्काचेवान, २४ डिसेंबर

रोडिनाबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र हॅलिफॅक्सहून फिरून इकडे घरी पोचलं. माझ्या आईनेच ते टपालातून आणून दिलं. पाकिटावर तुमचं नाव बघून तिला केवढा आनंद झाला. मी गोठ्यात जाऊन वाचलं.

तुम्हीच होता हे मला त्याच वेळी दिसलं होतं. मुखवट्यातून सगळं दिसतं. एन्स्लीला सांगितलं नाही, कारण सामना सुरू होण्याआधी तिने मला वर बोट करून दाखवलं होतं, ती हिरवी टोपी माझी.

टाळी मी आधीही ऐकली आहे. सगळ्याच गोलकीपर ऐकतात. तेवढ्यावरून मी खेळ सोडणारी नाही. पण आईला उभी राहून टाळ्या वाजवताना पाहिलं आणि मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. मला तिची लाज वाटली. तिला कळत नाही याची लाज वाटली. एवढ्या लांबून ती पहिल्यांदा आली होती आणि मला तिची लाज वाटली. ते तुम्ही माफी मागितल्याने जाणार नाही.

तिला काही लिहू नका. काल नाताळच्या पेरोगी, आमच्या बटाट्याच्या करंज्या, करायला गावातल्या सगळ्या बायका चर्चमध्ये जमल्या होत्या. कणीक मळता मळता तिने परत सांगितलं की झेनियाने एक चकती अडवली तर सगळं स्टेडियम उभं राहिलं. तिथे बसलेल्या निम्म्या बायकांची पोरं हॉकी खेळतात. त्यांना काय ते लगेच कळलं. एकीनेही तिला तसं सांगितलं नाही. म्हणाल्या, हो का, छान झालं. तर तुम्हीही तेवढंच करा. तिचे आभार आले तर घ्या. खरं सांगून तुम्हाला मोकळं वाटेल, तिचं मात्र सगळं जाईल.

परत येण्याचं अजून ठरवलेलं नाही.

ओटकेक्स चांगले होते. हे खरं आहे म्हणून लिहिते.
झेनिया पावलुक


सास्काचेवान, ९ जानेवारी

प्रिय रोडिनाताई यांस,
ओरिसिया पावलुकचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचा पत्ता झेनियाच्या पाकिटावरून उतरवून घेतला, तिला न विचारता. रागावू नका. तुम्ही माझ्या लेकीला आठवणीने पत्र लिहिलंत. आत काय होतं मी विचारलं नाही, पण वाचून ती गोठ्यातून आली तेव्हा रडलेली होती. मायेचं काही असेल तरच माणूस असं रडतं.

इकडे थंडी फार आहे, गाई दूध आखडून देतात. मालक बरे आहेत. सामन्याला मीच गेले म्हणून अजून रुसतात.

तुम्हाला सांगायला हवं असं एक आहे. झेनिया नाताळला आली तीच मुळी परत जायचं नाही असं ठरवून. काही सांगेना. बापाने विचारलं, भावाने विचारलं, नुसती मान हलवायची. शेवटी मी तिला म्हटलं, ज्या गावाने पहिल्याच सामन्यात तुझ्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या त्या गावाला तू पाठ कशी दाखवतेस. माझ्या शेजारच्या बाईने तर आपली पोर बाजूला ठेवून तुझ्यासाठी पहिली टाळी वाजवली, तिला काय वाटेल. त्यावर ती माझ्या गळ्यात पडली. इतकी मोठी झाल्यापासून ती कधी अशी गळ्यात पडली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने बॅग भरली. म्हणजे ती परत गेली ती तुमच्यामुळे, हे तुम्हाला कळावं म्हणून पत्र लिहिते आहे.

मला खेळातलं फार कळत नाही, ते तुम्ही पाहिलंच. पण माणसातलं थोडं कळतं.

मार्चमध्ये मी पुन्हा येणार आहे. झेनियाला सांगून आपल्या दोघींची तिकिटं शेजारी शेजारी घ्यायला लावली आहेत. एन्स्लीला फोनवर विचारलं तर म्हणाली, आत्याला आता यावंच लागेल. बिया मी आणते, ओटकेक्स तुम्ही आणा. झेनियाने चकती अडवली की तुम्ही उठा. तुम्ही उठलात की मी उठते, मग बाकीचे उठतात.

एवढा लोभ केलात, तो असाच असू द्या.
तुमची,
ओरिसिया